भाड्याची खाट आणि मराठी ‘संसार’

गेल्या उन्हाळ्यात कांजूरमार्गला भाचीकडे गेले होते. पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर तिचे दोन खोल्यांचे घर. तिचे म्हणजे अकरा महिन्यांच्या कराराचे. मालकाने भाडे वाढवून मागितले म्हणून ती आणि तिचा नवरा मुलुंडला निघाली होती. आवराआवरीला आपला हात लागेल, या जुन्या चाळकरी समजुतीने मी सुतळीचे बंडल आणि वर्तमानपत्रांची रद्दी बरोबर घेऊन गेले. तिथे बांधायला काही नव्हते. साडेदहाला दोन माणसे आली, पलंगाचे स्क्रू सोडवले. सोफा, जेवणाचे टेबल, कपाट, वॉशिंग मशीन, सगळे एकेक करून सर्व्हिस लिफ्टने खाली गेले. तासाभरात घर मोकळे. ‘मावशी, बस ना,’ भाची म्हणाली आणि मग तिच्याच लक्षात आले की बसायला काही उरलेले नाही. आम्ही दोघी फरशीवर बसलो.

‘तुमचा संसार गेला की गं टेम्पोतून,’ मी थट्टेने म्हटले.

‘संसार नाही गेला, फर्निचर गेलं,’ ती म्हणाली. ‘ते आमचं नव्हतंच.’

मराठी वाङ्मयात घर या विषयावर एवढे लिहून झाले आहे, की त्यात आणखी भर घालण्याची माझी इच्छा नव्हती. पण भाचीच्या त्या वाक्यात एक जुना शब्द मधोमध चिरला गेला होता, आणि तसा तो चिरल्याचे आपल्या कथा-कादंबरीने अजून टिपलेले नाही, असे मला वाटते. हा लेख त्या चिरेबद्दल आहे.

संतांचा ‘संसार’ म्हणजे भवचक्र, ज्यातून सुटायचे ते. घरातला ‘संसार’ मात्र मराठीने फार मूर्त करून टाकला. आपण संसार ‘मांडतो’, ‘थाटतो’, ‘आवरतो’, ‘गुंडाळतो’. ही सगळी क्रियापदे वस्तूंची आहेत. डब्या-पातेल्यांच्या फळ्यांना मराठीत ‘मांडणी’च म्हणतात. पुराच्या किंवा घर पाडल्याच्या बातमीत ‘संसार उघड्यावर पडला’ असे छापून येते, तेव्हा वार्ताहराला नवरा-बायकोचे नाते अभिप्रेत नसते. गाद्या, हंडे, स्टोव्ह, शाळेची दप्तरे रस्त्यावर आली, एवढेच त्याला सांगायचे असते. आणि वाचकाला नेमके तेच दुःख कळते. नाते आणि भांडीकुंडी यांना एकच शब्द पुरतो, कारण दोन्ही एकाच दिवशी घरात येत. रुखवताच्या टेबलावर भांडी मांडलेली असत आणि त्यांवर नाव, तारीख कोरलेली असे. भांड्यांच्या दुकानात कोरणाऱ्याच्या यंत्राचा तो करकर आवाज माझ्या पिढीच्या कानात अजून आहे. ऐपत असलेल्या घरी गोदरेजचे कपाटही मुलीबरोबर जाई. त्या कारखान्याने पोलादी कपाटे करायला 1923 साली सुरुवात केली, आणि पुढे त्याचा मोठा पसारा विक्रोळीला उभा राहिला. म्हणजे कांजूरमार्गच्या अलीकडच्याच स्टेशनला. पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या कपाटाचे गाव आणि दर वर्षी परत जाणाऱ्या कपाटाचे घर यांच्यात लोकलची दोन-तीन मिनिटे आहेत.

मराठी लेखकाने भाड्याचे घर उदंड लिहिले. ‘बटाट्याची चाळ’ 1958 ची. तिच्यातले सगळे बिऱ्हाडकरू भाडेकरू. पण त्या खोल्यांच्या आत जे काही आहे ते त्यांचे स्वतःचे आहे, आणि विनोद बराचसा त्या स्वतःच्या गोष्टींच्या दारिद्र्यातून आणि अभिमानातून येतो. खोली दुसऱ्याची, खाट आपली, ही मुंबईच्या मराठी लेखनाची मूळ रचना आहे. इतकी मूळ, की ती कोणी मुद्दाम सांगितली नाही. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ 1970 मध्ये आला आणि दोनच वर्षांत बासू चटर्जींनी त्यावरून ‘पिया का घर’ केला. नवविवाहित जोडप्याला अंथरूण घालायला जागा नाही, ही तिथली अडचण. जागा नाही, पण अंथरूण आहे. ‘घरौंदा’त (1977) बिल्डर पैसे घेऊन पसार होतो, आणि न मिळालेल्या घरात कोणती वस्तू कुठे ठेवायची याची स्वप्ने तेवढी उरतात.

याला एक गमतीदार अपवाद आहे, आणि तो समीक्षकांनी गंभीरपणे घेतलेला नाही कारण तो हसवतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) हा मुळात 1966 च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. घरमालकीण खोली देणार ती संसारी माणसांनाच, म्हणून दोघे मित्र लुगडी नेसून दुसऱ्या दोघांच्या बायका होतात. घरासाठी संसारच उसना आणायचा, ही कल्पना मराठी पडद्यावर एवढ्या उघडपणे पहिल्यांदा आली असावी. आज सोसायट्या ‘फक्त कुटुंबांना’ असे सांगून एकट्या मुलामुलींना परत पाठवतात, तेव्हा त्या लुगड्यांची आठवण येते. संसार हा भाडेकरूच्या लायकीचा पुरावा आहे, हे त्या चित्रपटाला पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या टोकाला महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’. विजया मेहतांनी ते 1985 मध्ये रंगभूमीवर आणले. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, तो चालत नाही आणि हलतही नाही. सोन्याचा डबा आहे, तो मोडायचा नाही. मुंबईहून सुधीर येतो, वडील वारल्यावर, आणि वाटणीचा प्रश्न निघतो. वस्तूंनी माणसांना धरून ठेवलेले घर मराठीत इतक्या निर्दयपणे दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. मला या नाटकाबद्दल नेहमी एक प्रश्न पडतो, थोडा अडाणी वाटेल असा: सुधीर आणि अंजली परत मुंबईला गेल्यावर कुठल्या खुर्चीवर बसत असतील? नाटकाला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण सुधीरची नात आज पंचविशीत असेल, आणि तिची खुर्ची भाड्याची असण्याचा संभव मोठा आहे.

म्हणजे आपल्या वाङ्मयात दोन चित्रे आहेत. परक्या खोलीतल्या स्वतःच्या वस्तू, आणि स्वतःच्या वाड्यातल्या, माणसालाच धरून बसलेल्या वस्तू. परक्या खोलीतल्या परक्या वस्तू, हे तिसरे चित्र नाही. गिरणगावात त्याची एक छटा होती. एका गाळ्यात दहा-पंधरा कामगार पाळीपाळीने झोपत, जेवण खानावळीत. पण तिथेही भिंतीला वळकटी आपली, आणि पत्र्याच्या ट्रंकेवर नाव आणि गाव रंगवलेले. जागा पाळीने मिळे. ट्रंक कोणी पाळीने घेत नसे.

भाड्याने वस्तू आणणे ही काही परदेशातून आलेली चाल आहे, असा एक सूर अशा विषयावरच्या लेखांत लागतो. तो चूक आहे. मंडपवाल्याकडच्या खुर्च्या, सतरंज्या, पिंपे आणि पातेली यांच्यावाचून मराठी लग्न होत नाही. आधी समाजाची किंवा देवळाची भांडी असत, नाममात्र भाड्याने. आणि त्याच्याही आधीची एक कथा कोकणात आणि घाटमाथ्यावर गावोगाव सांगतात. तळ्याच्या काठी जाऊन लग्नासाठी भांडी मागायची. दुसऱ्या दिवशी ती पाण्यावर तरंगत येत. कार्य झाले की धुऊन परत पाण्यात सोडायची. मग एकदा कोणाला तरी मोह झाला, एक पळी किंवा वाटी ठेवून घेतली, आणि तेव्हापासून तळे भांडी देत नाही. ठिकठिकाणच्या तळ्यांना ही गोष्ट चिकटलेली आहे. मला ती मराठी लोकमानसातल्या भाडेकराराची संहिता वाटते. डिपॉझिट नाही, पावती नाही, एकच अट, आणि ती एकाने मोडली तर शिक्षा सबंध गावाला.

चाळीत त्याचेच घरगुती रूप होते ते उसनवारीचे. मुलगी बघायला पाहुणे यायचे म्हटले की एका घरातून कपबशा, दुसऱ्यातून खुर्च्या, तिसऱ्यातून चादर. पाहुण्यांनाही ते ठाऊक असे, कारण त्यांच्याकडेही तसेच चाले. उसने आणि भाड्याचे यात मराठीने नैतिक अंतर ठेवले आहे. उसने घेणारा शेजारी असतो. ‘भाडोत्री’ म्हटले की सैनिक किंवा गुंड डोळ्यांपुढे येतो. भाड्याचे घोडे ओझ्याने मेले, ही म्हण तर जे आपले नाही त्याची आपण काय गत करतो याची कबुलीच आहे. तळ्याची भांडी, मंडपवाल्याच्या खुर्च्या, शेजारच्या कपबशा, हे सगळे प्रसंगापुरते होते. सण संपला की परत. रोजची झोप, रोजचे जेवण भाड्याच्या वस्तूवर, हे मात्र नवे आहे. प्रसंगाचा नियम दिनक्रमाला लागू झाला आहे.

तो का झाला, याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा कायद्यात अधिक सापडते. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात ‘जागा’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे: मालकाने वापरासाठी दिलेले फर्निचरही तिच्यात धरलेले होते. खोलीबरोबर मालकाने टेबल दिले, तर ते टेबल कायद्याच्या दृष्टीने खोलीचा भाग. भाडे गोठलेले, भाडेकरू हलत नाही, पगडी दिल्याशिवाय जागा मिळत नाही. अशा शहरात माणूस तीस-चाळीस वर्षे एका खोलीत राही आणि त्याच्या खाटेचे पाय फरशीत खळगे पाडत. मालकांनी यातून वाट काढली ती लिव्ह अँड लायसन्सची. 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षी 1 फेब्रुवारीला ताब्यात असलेले परवानाधारकही भाडेकरू ठरले, आणि मालक पुन्हा धास्तावले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याच्या 24 व्या कलमाने मुदत संपताच जागा सोडणे बंधनकारक केले. न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई. वर्षभराहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांची सवय लागली होती. आता 55 व्या कलमाप्रमाणे नोंदणी कोणत्याही मुदतीला करावीच लागते, तरी अकरा महिने सुटलेले नाहीत. सवय कायद्यापेक्षा चिवट असते.

घर अकरा महिन्यांचे झाले की सागवानी पलंग घेणे वेडेपणाचे ठरते. तो प्रत्येक लिफ्टमध्ये मावत नाही, मुलुंडच्या खोलीत बसेल की नाही माहीत नाही, आणि हलवणाऱ्यांचे पैसे वेगळे. 2010 नंतरच्या दशकात बंगळुरूत फर्लेंको, रेंटोमोजो यांसारख्या कंपन्या निघाल्या, त्या या फटीतून. नोकरीसाठी शहर बदलणारी तरुण मुले त्यांना गिऱ्हाईक म्हणून मिळाली. कांजूरमार्गात असे गिऱ्हाईक जास्त का, हे स्टेशनबाहेर सकाळी उभे राहिले तरी कळते. पवईच्या आयआयटीला आणि तिथल्या कचेऱ्यांना जाणारे याच स्टेशनवर उतरतात. आणि रस्त्यालगत जिथे क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जसारखे कारखाने होते तिथे आता टॉवर आहेत. कारखान्याच्या काळात इथे राहणारा माणूस निवृत्त होईपर्यंत राही. पूर्वेला, कांजूर गावात आणि मिठागरांच्या बाजूच्या वस्त्यांत, अजूनही राहतो. तिथे मला भाड्याचा सोफा दिसला नाही, हप्त्यावरचा दिसला.

हप्ता आणि भाडे यांतला फरक सुशिक्षित घरांत ‘लवचीकता’ या शब्दाने झाकला जातो. हिशेब साधा आहे. समजा पलंग आणि गादी महिना 800 रुपयांना मिळाली. तीन वर्षांत 28,800 रुपये गेले. तेवढ्यात तशीच वस्तू विकत आली असती आणि आपली राहिली असती. पण तीन वर्षांत घर तीनदा बदलले, एकदा शहरच बदलले, तर आपली राहिलेली वस्तू ओझे होते; जुन्या बाजारात तिचे चौथाईही येत नाहीत. भाचीचा हिशेब असा, आणि तो चूक आहे असे मला म्हणता येणार नाही. माझा आक्षेप पैशाबद्दल नव्हता. तो कशाबद्दल होता ते तिने मला करार वाचायला दिला तेव्हा कळले.

तो करार मी एखादी संहिता वाचावी तसा वाचला. (आमच्यासारख्यांना दुसरे काय येते?) त्यात घर हा शब्द एकदाच येतो, तोही ‘डिलिव्हरीचा पत्ता’ या अर्थाने. पलंगाला क्रमांक आहे. त्याच्या आतल्या बाजूला बारकोडाची चिकटपट्टी आहे. जिथे आमच्या भांड्यावर लग्नाची तारीख असे, नेमकी तिथे. ‘सामान्य झीज’ मान्य आहे, ‘नुकसान’ मान्य नाही, आणि या दोहोंतला फरक ठरवण्याचा अधिकार वस्तू परत नेणाऱ्याचा. भाचीच्या टेबलावर गरम कढईचा एक गोल डाग होता. तिने तो वाटीभर पोह्यांच्या घाईत पाडला होता, बहुधा लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. आमच्या घरी असा डाग दाखवून आई सांगत असे, हा अमक्या दिवाळीचा. भाचीच्या डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापले गेले. ती फारशी चिडली नाही. मी चिडले.

संसार म्हणजे शेवटी डागांचा साठा असतो, असे मी तिला ऐकवले. ती हसून म्हणाली, ‘मावशी, ते डाग पुसायला कोण असायचं?’

हे उत्तर मला टाळता येत नाही. वस्तूंच्या आठवणी सांगणारे लेख बहुतेक पुरुषांनी लिहिले आहेत, आणि त्या वस्तू घासल्या, पुसल्या, रचल्या त्या बायकांनी. वाड्यातली वहिनी ज्या घराशी बांधली गेली ते घर मोडले तर आपले साहित्य शोक करते. तिला कोणी विचारले नाही. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये (1972) सखाराम टाकलेल्या बाईला घरी आणतो आणि पहिल्याच प्रवेशात घराचे नियम तोंडपाठ सांगतो: काय मिळेल, काय करावे लागेल, जायचे तेव्हा कसे जायचे. लग्नाऐवजी करार. प्रेक्षक तेव्हा हादरले ते त्या कराराच्या उघडेपणाने. पण नीट पाहिले तर त्या घरात प्रत्येक भांडे, प्रत्येक खाट सखारामची आहे. बाई तेवढी मुदतीची. भाचीच्या घरात नेमके उलटे. नवरा-बायको मुदतीची नाहीत, खाट मुदतीची आहे. पन्नास वर्षांत वाईट सौदा झाला, असे म्हणवत नाही.

तरीही एक गोष्ट खटकत राहते, आणि ती पुन्हा कायद्यातच सापडली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे 1908 च्या कायद्याच्या 60 व्या कलमात, कर्जदाराकडून काय जप्त करता येत नाही याची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण. आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. सावकाराचा हुकूमनामा झाला तरी बेलिफाने खाट न्यायची नाही. संसार या शब्दाची यापेक्षा नेमकी व्याख्या मी मराठी कोशात वाचलेली नाही. ब्रिटिश अमदानीतल्या कायद्यालाही कळले होते की माणसाकडे सगळे गेले तरी चूल, झोप आणि मंगळसूत्र एवढे राहिले पाहिजे.

हे संरक्षण कर्जदाराच्या मालकीच्या खाटेला आहे. भाड्याची खाट त्याची नाहीच, मग तिला कसले संरक्षण? नोकरी गेली, दोन महिन्यांचे भाडे थकले, तर ती न्यायला कोर्टाच्या हुकुमाची वाट पाहणारे कलम त्या करारात मला दिसले नाही. हप्त्याने घेतलेल्या वस्तूंसाठी संसदेने 1972 मध्ये भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा केला होता. तो कधी अमलातच आणला नाही, आणि 2005 मध्ये रद्दही करून टाकला. महिन्याच्या भाड्यावर घर सजवणाऱ्यांसाठी तेवढाही प्रयत्न झालेला नाही. नाही म्हणायला भाड्याच्या फर्निचरवर राहणारा एक सुरक्षित वर्ग आहे: दिल्लीत खासदारांना ठरावीक रकमेपर्यंतचे सरकारी फर्निचर फुकट मिळते, त्यापुढच्या वस्तूंचे भाडे. त्यांची खाट कोणी रातोरात नेत नाही.

मराठी कथेने इथे यावे असे मला वाटते. वाडा पडल्याच्या कथा आपल्याकडे पुरेशा झाल्या, चाळ गेल्याच्याही. भाड्याच्या पलंगावर आजारी पडलेल्या माणसाची कथा मी वाचलेली नाही. नोकरी गेल्याचे बायकोला न सांगता सोफ्याचे भाडे भरत राहणाऱ्याचीही नाही. घटस्फोटात वाटायला काहीच नसलेल्या जोडप्याची, जिथे भांडण फक्त कुत्र्यावरून आणि मिक्सरवरून होते, अशी एखादी लिहिली गेली असेलही. माझ्या नजरेतून निसटली असेल. आणि पलंगाचे स्क्रू सोडवणाऱ्या त्या दोन माणसांची? दिवसाला सहा-सात घरे मांडायची आणि मोडायची, असे त्यांतला एक म्हणाला. त्याला मी विचारले, तुमच्याकडे काय आहे? भांडुपच्या टेकडीवर खोली आहे, म्हणाला, स्वतःची. पलंग नाही, बसत नाही.

त्या दिवशी दुपारी टेम्पो गेल्यावर आम्ही उरलेले बांधले. माझी सुतळी शेवटी उपयोगी पडली. स्वयंपाकघरात दोन पातेली, कढई, पोळपाट-लाटणे, मसाल्याचा डबा, आणि स्टीलचा एक मोठा डबा, झाकणावर माझ्या बहिणीचे नाव आणि 1989 सालची तारीख कोरलेला. ‘हा कशाला बाळगतेस गं?’ मी विचारले. भाडेकंपन्यांकडे डबे मिळत नाहीत म्हणून, असे काही उत्तर येईल असे वाटले होते. तिने डबा उघडून दाखवला. आत घराचे सगळे करार होते, पाच वर्षांतल्या पाच घरांचे, आणि प्रत्येकाला टाचलेली सामानाची यादी: पंखे तीन, ट्यूबलाइट चार, गिझर एक, पडद्याचे रॉड दोन.